माय पुढं पळायची

आमच्या घरातली सकाळ मायच्या बांगड्यांनी सुरू व्हायची. चुलीतली राख ओढताना, रांजणातलं पाणी उपसताना, गोठ्यात शेण गोळा करताना त्या वाजत राहायच्या. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की माय आता कुठे आहे आणि मला उठायला अजून किती वेळ आहे. मग एका हिवाळ्यात त्या वाजेनाशा झाल्या. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून मायने त्या कोपराकडे सरकवून घट्ट बांधल्या होत्या. पळताना त्या खळखळत, आणि तिला त्याची लाज वाटे. त्या हिवाळ्याबद्दल आजवर मी कुणाजवळ धड बोलले नाही. पोलिसातली नोकरी, बदल्या, बंदोबस्त यांबद्दल कुणी विचारलं तर मी तासभर बोलते. त्या नोकरीच्या आधीचे दोन महिने मात्र नेहमी गाळून टाकते.

आमचं गाव संग्रामपूरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात बाबा, माय, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि शाळेत जाणारे दोन धाकटे भाऊ. मायचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि मी तिच्या सतराव्या वर्षी झाले. म्हणजे मी विशीची झाले तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. पण गावाच्या हिशेबात ती म्हातारीत जमा झालेली. तिला चक्कर यायची. चुलीपुढून उठताना ती खांब धरायची, डोळे मिटून क्षणभर उभी राहायची आणि मग काही झालंच नाही असं दाखवत भाकरीची परात उचलायची. आत्या म्हणायची, "रगत कमी हाये तिच्या आंगात." सगळ्यांची ताटं झाली की माय उरलीसुरली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर पाण्यात बुडवून खायची, तीही अर्धी. भूकच लागत नाही म्हणायची. आम्ही ते खरं मानत होतो, कारण ते खरं मानणं सोयीचं होतं.

बारावी झाल्यावर मी पोलीस भरतीचा अर्ज भरला. तेव्हा आमच्या भागात पोलिसातली बाई बघायला मिळायची नाही. बाबा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी अर्जाचा कागद उलटसुलट पाहिला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "भर. पण पळायले एकटी जाचं नाही. माय येईन तुह्यासंगं. ते खाली बसून राहीन." एवढीच अट होती. बाबा दुष्ट नव्हते, हे मला इथेच लिहून ठेवायचं आहे. लोक काय म्हणतील याची त्यांना भीती वाटायची, आणि त्या भीतीलाच ते घराची अब्रू समजायचे.

पळायचं कसं हे शिकवलं ते इंगळेकाकांनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावातल्या बौद्धपुऱ्यात आपल्या घरी राहायला आले होते. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, बोलताना दोन्ही हात पाठीमागे बांधणारे. मी गावाबाहेरच्या सडकेवर धापा टाकत पळताना त्यांनी मला एकदा पाहिलं आणि थांबवलं. "पोरी, अशी मैलमैल रेंगाळून काही होत नसते. बरडावर चाल." गावाच्या उत्तरेला मुरमाड माळ होता, त्याला बरड म्हणत. तिथून एक गाडीवाट टेकाडावर चढत जायची. काकांनी खालच्या बाभळीपासून वरच्या बांधापर्यंत बोट फिरवलं. "अथून तथवर जीव खाऊन पळाचं. मांगं पाहाचं नाही. वर गेली की चालत खाली याचं. दम जाग्यावर आला की पुन्हा. पहिल्या दिवशी चारच डाव. जास्त करशीन तं उद्या उठणार नाहीस." आता निवृत्तीनंतर मी ज्या बायांना पळायला शिकवते त्यांच्या मोबाइलवर याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. चित्रफिती असतात, घड्याळं शिट्ट्या मारतात. आमच्याकडे काकांचे आकडे होते. मी पळायला लागले की ते मोठ्याने मोजायचे आणि बांधावर पाय पडला की थांबायचे.

माय पहिले आठ दिवस बाभळीखाली बसून राहिली. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांभोवती. थंडी मरणाची असायची. नवव्या दिवशी मी तिसऱ्या डावाला खाली आले, तर ती उभी होती.

"बसून बसून गारठली वं मी," म्हणाली. "एक डाव येऊ का तुह्यासंगं?"

मी हसले. काका हसले नाहीत. "वहिनी, चक्कर येते नं तुमाले? मंग आधी झपाझप चाला. दहा-पंधरा दिवस नुसतं चाला. छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधार आला, तं तथीच बसा. त्यात लाज नाही." हे ते बोलले म्हणून बरं झालं. आज माझ्याकडे चाळिशी उलटलेली बाई आली की मी तिला आधी डॉक्टरकडे पाठवते, आणि मग दोन आठवडे नुसतं चढ चालायला लावते. बायांना त्याचा राग येतो. त्यांना पहिल्याच दिवशी पळायचं असतं.

माय चालली. ताठ मान करून, कासोटा घट्ट खोचून, चढावर झपाझप आणि उतारावर सावकाश. मग कधी चालण्याचं पळणं झालं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते तिचं खाणं. रात्री ती माझ्यासाठी हरभरे भिजत घालायची. आम्ही बरडावरून परतलो की गुळाचा खडा आणि ते हरभरे मला वाटीत मिळायचे. एका सकाळी तिने स्वतःसाठीही वाटी घेतली. आत्या बघतच राहिली. दुपारी तिने अख्खी भाकर खाल्ली, वर अंबाडीची भाजी पुन्हा वाढून घेतली आणि बोटं चाटली. चुलीपुढून उठताना तिचा हात खांबाकडे जायचा बंद झाला. ती गुणगुणायला लागली. बाबा काही बोलले तर आधी नुसती मान हलवायची, ती आता अधूनमधून म्हणायची, "तसं नाही थे." बाबांना वाटायचं दवाखान्यातून आणलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांचा गुण आला. घरात आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. नुसतं राहून गेलं.

आणि मग ती माझ्या पुढे जायला लागली.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला मौज वाटली. दुसऱ्यांदा वाटलं, मी काल नीट झोपले नव्हते. पुढे रोजच होऊ लागलं. पहिले दोन डाव मी पुढे असायचे. तिसऱ्याला आम्ही खांद्याला खांदा लावून वर पोचायचो. चौथ्यापासून तिची पाठ मला दिसायची. चिंधी बांधलेले हात मागेपुढे होत आहेत, टाचा मुरूम उडवत आहेत, आणि मधलं अंतर वाढत चाललं आहे. तिला जिंकायचं नव्हतं, ती माझ्याकडे बघतही नसे. वर पोचून कमरेवर हात ठेवून ती डोंगराकडे तोंड करून उभी राहायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

"माय, जरा हळू पळत जाय नं," मी एकदा म्हटलं.

"मले हळू पळताच येत नाही वं," ती म्हणाली. खरंच नवल वाटल्यासारखी.

त्याच आठवड्यात काका बोलले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मला जोर यावा म्हणूनच बोलले असतील. "रेखा, अर्ज तुह्या मायनं भराले पाह्यजे होता." मायने तोंडाला पदर लावला. मीही हसले. पण घरी येताना मी तिला मागे टाकून चार पावलं पुढे चालले. माझी भरती पंधरा दिवसांवर आली होती. जिल्ह्याच्या मैदानावर माझ्यापेक्षा तरण्या, तालुक्यांत सराव केलेल्या पोरी येणार होत्या, आणि मी चार लेकरं झालेल्या बाईच्या मागे पडत होते. त्यातलं एक लेकरू पाळण्यातच गेलेलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मला तिचा राग आला. त्या रागाला आता मी नाव देऊ शकते. तेव्हा मी त्याला काळजी म्हणत होते: मायला काही झालं तर, लोकांनी पाहिलं तर.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते. वांग्याचं भरीत आणि भाकर होती. आत्या वाढत होती आणि माय मागच्या अंगणात भांडी घासत होती. राखेने घासल्याचा खसखस आवाज येत होता.

"कसं चालू हाये पळणं?" बाबांनी विचारलं.

मी म्हणू शकले असते, बरं चालू आहे. तेवढ्यावर ते थांबले असते.

"मायलेच विचारा," मी म्हणाले. "मायच पुढं राह्यते."

बाबांना आधी कळलं नाही. "पुढं म्हंजे?"

"ते पळते नं. साडी खोसून. आन् इंगळेकाका टाळ्या वाजवतात."

काकांनी कधीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हात पाठीमागे बांधून आकडे मोजण्यापलीकडे त्या माणसाने काही केलं नव्हतं. ते वाक्य मी तिथल्या तिथे जुळवलं. ते कुठे लागेल हे मला ठाऊक होतं. वीस वर्षांच्या पोरीला इतकं ठाऊक असतं. नुसतं मायच्या पळण्याचं सांगितलं असतं तर बाबा कदाचित कुरकुरून गप्प बसले असते. परका पुरुष, त्यातही बौद्धपुऱ्यातला, आपल्या बायकोच्या पळण्यावर टाळ्या वाजवतो, हे त्यांच्या गळ्याखाली उतरणार नव्हतं.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतले आणि मागच्या अंगणात गेले. ते ओरडले नाहीत. मला फक्त एवढंच कळलं की भांडी घासल्याचा आवाज थांबला. आत्या माझ्याकडे बघत होती. "काय केलं वं पोरी तू हे," ती इतक्या हळू म्हणाली की मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बांगड्यांनी जाग आली. चुलीजवळ, रांजणाजवळ, गोठ्यात. मी उठून बाहेर आले तर माय शेण पाटीत भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीज जरा येळ. जाचं नाही आता." बाबांनी दोघींचंही बंद केलं होतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तिचं बंद होईल आणि माझं चालू राहील.

 चौथ्या दिवशी मला दळणाला पाठवलं, तेव्हा गिरणीपाशी इंगळेकाका भेटले. बाबा त्यांच्या घरी जाऊन आले होते, असं मला आत्याकडून कळलं होतं. चार माणसांसमोर काय बोलले ते तिने सांगितलं नाही. काका माझ्यासमोर थांबले. हात नेहमीसारखे पाठीमागे.

"मी कवा टाळ्या वाजवल्या वं, पोरी?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते, जणू आपल्याच हातून काही चूक झाली असेल आणि आठवत नसेल. मी डब्यातल्या ज्वारीकडे बघत उभी राहिले. ते जायला वळले. मग म्हणाले, "दहा दिस उरले तुहे. आता नवीन काही करू नको. सहा डाव, अन् शेवटचे दोन दिस आराम." आणि ते निघून गेले. त्यानंतर ते मला पुष्कळदा दिसले, गावच्या बसथांब्यावर, बाजारात. नमस्कार घ्यायचे. पण कधी थांबले नाहीत. ते वारले तेव्हा माझी नेमणूक मलकापूरला होती आणि मी बंदोबस्ताचं निमित्त करून मातीला गेले नाही. निमित्तच होतं ते. सुट्टी मिळाली असती.

माझं पळणं पुन्हा सुरू झालं ते मायमुळे. पाचव्या दिवशी तिने बाबांना गाठलं. मी आतल्या खोलीत होते.

"पोरीले जाऊ द्या. आत्याबाई जातीन तिच्यासंगं. मी नाही जात. पुन्हा कधी नाही पळत मी. तुमी म्हणसान त्याच्यावर हात ठेवतो."

बाबा म्हणाले, "हात-बित ठेवू नको. तोंडानं बोलली तेवढं बस झालं."

मी गेले. आत्या बाभळीखाली कुडकुडत जप करत बसायची, आणि मी आकडे मनात मोजत एकटी चढायचे. पुढे कुणाची पाठ नव्हती. मी जिंकत होते असं म्हणायचं तर म्हणता येईल. भरतीच्या दिवशी बुलडाण्याच्या मैदानावर शेवटच्या वळणानंतर माझे पाय शिशाचे झाले, तेव्हा समोर मला मायच्या टाचा दिसल्या आणि मी त्यांच्यामागे पळाले. मी निवडले गेले. घरी पेढे आले. बाबांनी गावभर वाटले. मायने माझ्या तोंडात पेढा घातला आणि उरलेला अर्धा आत्याला दिला. स्वतः खाल्ला नाही, भूक नाही म्हणाली. महिनाभरात तिला पुन्हा चक्कर यायला लागली.

पुढची सगळी वर्षं नोकरीत गेली. खामगाव, मलकापूर, मेहकर, शेवटी बुलडाणा. लग्न झालं, लेकरं झाली, मोठी होऊन बाहेर पडली. आत्या गेली, मग बाबा गेले. माय माझ्याकडे आली तेव्हा तिला शुगर होती, गुडघे धरलेले होते, आणि ती खुर्चीतून उठताना भिंत धरत होती. निवृत्त झाल्यावर मी बायांचा सकाळचा वर्ग सुरू केला. आमच्या वस्तीपासून लांब, शहराबाहेरच्या एका चढावर. तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बाया येतात. कुणी पळतं, कुणी काठी घेऊन दहा पावलं जोरात टाकतं आणि उभं राहतं. मी त्यांना सांगते, वयाचं काही नाही, आपापल्या दमाने घ्या. एका सकाळी हे वाक्य बोलता बोलता मला बाभळीखालून उठून उभी राहिलेली माय आठवली.

त्या दिवशी घरी येऊन मी मायसमोर बसले. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. भरीत, भाकर, टाळ्या. मी पोलिसात असताना कितीतरी लोकांचे जबाब घेतले, पण स्वतःचा असा कधी दिला नव्हता.

मायने मान वर केली नाही. "मले मालूम हाये," म्हणाली. "तुह्या बापानं तवाच सांगतलं. 'तुही पोरगीच सांगते' म्हणे."

"मंग तू मले बोलली काऊन नाही?"

"तुही भरती होती."

ती काड्या बाजूला काढत राहिली. मला वाटलं, झालं, एवढंच. मग ती बोलली.

"सांगतलं त्याचं मले काही नाही वं. लहान होती तू. पण नोकरीले लागली. तुहं घर झालं. मी महिना महिना येऊन राहत होतो तुह्याकडं. तथी कोण होतं अडवणारं? तू सकाळी बूट घालून जाय, मी दारात उभी राहो. एक डाव म्हणाली असती, माय, चाल."

 ती दारात उभी असायची हे मला आठवलं. मी तिला म्हणायचे, थंडीत कशाला उठते, झोप. हे मी मायेने म्हणतेय असं मला वाटायचं.

"मंग आता चाल नं," मी म्हणाले. "उद्या. नुसतं चालू. डॉक्टरले विचारू आपण."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली. "तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून आता मी नाही चढत." आणि मेथीची जुडी उचलून आत गेली, भिंतीला हात लावत.

यानंतर तीनेक महिन्यांनी समोरच्या बाईंनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं. "तुमच्या आईची कमालच आहे हो, या वयात." मी विचारलं, कसली कमाल? आमच्या घरासमोरून वरच्या कॉलनीकडे जाणारा डांबरी रस्ता चढाचा आहे. मी वर्गाला गेले की माय काठी घेऊन बाहेर पडते. झपाझप पावलं टाकते, विजेच्या खांबाला धरून उभी राहते, दम जाग्यावर आला की पुढचा खांब गाठते. त्या बाईंचे यजमान डॉक्टर आहेत. त्यांना तिने सगळं आधीच विचारून घेतलं होतं, शुगरच्या गोळ्या दाखवून. मी परत यायच्या वेळेच्या आत ती घरात असते, चहाचं आधण ठेवलेलं असतं, काठी कोपऱ्यात असते.

मी तिला काही विचारलेलं नाही. तीही बोलत नाही. मध्यंतरी माझा वर्ग लवकर सुटला आणि मी कोपऱ्यावर आले, तर ती वर चढताना मला पाठमोरी दिसली. तिसऱ्या खांबाच्या पुढे गेली होती. माझे पाय आपोआप तिच्याकडे वळले. मी ते थांबवले, मागे फिरले आणि बसथांब्यावर जाऊन बसले. तेव्हापासून वर्ग सुटला तरी मी लगेच घरी जात नाही. पंधरा मिनिटं तिथेच बसते. मग घरी जाते आणि म्हणते, आज उशीर झाला.